पिसे असलेला मासा

संग्रहालयाच्या तळघरात ठेवलेल्या दगड क्रमांक चारशे सतरामधून एक मासा नाहीसा झाल्याची गंभीर बाब मंगळवारी सकाळी अकरा वाजता निदर्शनास आली. ती निदर्शनास आणून देणारी व्यक्ती म्हणजे दगडताई, आणि त्यांची पहिली चूक तीच झाली. मोठ्या संस्थेत एखादी वस्तू नाहीशी झाली, की ज्याने पहिल्यांदा तोंड उघडले त्यानेच ती हरवली असे धरून चालायची पद्धत असते.

दगडताईंचे खरे नाव हजेरीपटावर होते, आणि हजेरीपटाबाहेर ते कोणालाही ठाऊक नव्हते. एकोणीस वर्षे त्या तळघरातल्या एका टेबलापाशी बसून दगड साफ करीत आल्या होत्या. साफ करणे म्हणजे फडक्याने पुसणे नव्हे. दगड भिंगाखाली धरायचा, सुईने कण कण उकरायचा, बारीक ब्रशने धूळ झटकायची आणि आत कोट्यवधी वर्षे अडकून पडलेले हाड न दुखावता मोकळे करायचे. दिवसभरात नखाएवढी जागा मोकळी झाली, तर दिवस चांगला गेला म्हणायचे. वरच्या मजल्यावरची माणसे एकोणीस वर्षांत एक कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेत होती, त्या मानाने हा वेग भलताच होता.

चारशे सतराला चाळीस वर्षांपूर्वी बांधलेले लेबल होते: ‘मासा, अपूर्ण’. दगडातून शेपटीचे जेमतेम टोक बाहेर डोकावत होते, तेवढ्यावरून कोणीतरी ते लिहून टाकले होते. दगडताईंनी सुई लावली आणि पहिल्या महिन्यात शेपटी लांबत गेली. तिसऱ्या महिन्यात माशाला पाय फुटला, तेव्हा त्यांनी लेबल पुन्हा एकदा वाचले. पाचव्या महिन्यात तीन नख्यांचा हात निघाला, मागच्या पायाच्या एका बोटावर विळ्यासारखे उचललेले नख निघाले, आणि करवतीसारख्या दातांनी गच्च भरलेला जबडा निघाला. सातव्या महिन्यात त्या हाडांभोवती दगडावर काळसर, नाजूक रेषा उमटलेल्या दिसू लागल्या. हातावर, शेपटीवर, अगदी पोटऱ्यांवरसुद्धा. ती पिसे होती.

त्यांनी तळघरातली सगळी पुस्तके चाळली. पिसांचे शिकारी डायनासोर पुस्तकांत होते, पण हे नख, हे दात आणि पोटऱ्यांवरची ही पिसे एकत्र कुठेच नव्हती. म्हणजे हा प्राणी जगात आजवर कोणीही पाहिला नव्हता, आणि पहिल्यांदा पाहणारी बाई या क्षणी या खुर्चीवर बसली होती. दगडताईंना रडू आले. भिंगावर पाणी पडू नये म्हणून त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि पोटभर रडून घेतले. या प्राण्याला त्याच्या खऱ्या जातीचे नाव मिळावे, एवढेच त्यांना हवे होते. स्वतःचे नाव कुठे यावे, असे त्यांच्या मनातही नव्हते.

मग त्या वर भांडारप्रमुखांकडे गेल्या. भांडारप्रमुखांना सगळे पाहतोसाहेब म्हणत, कारण समोर काहीही आले तरी ते ‘पाहतो’ म्हणत आणि पाहत मात्र नसत.

“साहेब, चारशे सतरामध्ये मासा नाहीये. डायनासोर आहे. पिसांचा. नवीन जात आहे.”

पाहतोसाहेबांनी रजिस्टर उघडले, बोट फिरवले आणि थांबवले. “इथे मासा आहे.”

“हो, पण दगडात नाहीये.”

“मग गेला कुठे?”

“गेला नाही साहेब. तो नव्हताच कधी.”

“ताई, दरवर्षी पडताळणी होते. चाळीस वर्षं ‘मासा, आढळला’ असं लिहून सह्या झाल्यात. चाळीस माणसं खोटं बोलली का?”

“त्यांनी दगड पाहिला. आतला प्राणी कुणी पाहिला नाही.”

“ते त्यांचं काम नव्हतं,” पाहतोसाहेब म्हणाले. “आता तुमच्याकडे एक मासा कमी आहे आणि एक प्राणी जास्त आहे. माशाबद्दल खुलासा द्या. प्राण्याबद्दल फॉर्म भरा. बाकी मी पाहतो.”

संस्थेत बाहेरून आलेल्या प्राण्याची नोंद करायचा एकच फॉर्म होता, आणि तो पहारेकऱ्याच्या कुत्र्यासाठी छापलेला होता. दगडताईंनी तोही मन लावून भरला. ‘लसीकरण झाले आहे काय?’ नाही. ‘रात्री भुंकतो काय?’ माहिती उपलब्ध नाही. ‘यापूर्वी कोणास चावला आहे काय?’ या रकान्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या. खोटे लिहिणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी लिहिले, ‘होय, बहुधा अनेकांना. सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी.’ तीन दिवसांनी फॉर्म परत आला. चावा घेतल्याची तक्रार संबंधितांनी त्याच वेळी का केली नाही, अशी विचारणा शेऱ्यात होती.

घरी त्यांनी सासूबाईंना फोटो दाखवला. सासूबाईंनी चाळीस वर्षे उशा आणि गाद्या शिवल्या होत्या, आणि मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळेच जरा जास्त स्पष्ट दिसत असे.

“पिसं आहेत ही,” त्या म्हणाल्या. “उशीत भरतात ती नाही, लांब दांड्याची. आणि दात बघ मेल्याचे. कशाचं आहे हे?”

“ऑफिसात मासा म्हणतात.”

“कोण गाढव म्हणतो?”

“सगळेच, आई.”

“मग तू कशाला झुरतेस? मी येऊन सांगते त्यांना.”

“तुमच्याकडे पिसांचं प्रमाणपत्र नाही. मी विचारलं त्यांना.”

सासूबाईंनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला आणि असे काही हसल्या, की सुनेलाही सात महिन्यांत पहिल्यांदाच हसू आले.

खुलासा मान्य झाला नाही, पण प्राण्याला कुठल्या तरी शाखेने ताब्यात घ्यावे असे ठरले. पक्षीशाखेच्या प्रमुख बाईंनी फोटो दोन बोटांत धरून परत केला. “दात आहेत याला. आमच्याकडे चोची असतात.” सरपटशाखेचे प्रमुख, म्हणजे पाली-सापांपासून डायनासोरपर्यंत सगळ्यांचे धनी, त्यांनीही हात झटकले. “पिसं आहेत. आमच्या कपाटांची यादी बघा, खवले आणि कातडी एवढंच लिहिलंय. उद्या पिसांना कसर लागली तर जबाबदार कोण?” पिसे दगडाची आहेत, त्यांना कसर लागत नाही, असे दगडताईंनी सांगितले. त्यावर तसे लेखी आणा, असे उत्तर मिळाले. कसरीकडून की दगडाकडून, हे त्यांनी सांगितले नाही.

असे दोन महिने गेले. मग एका वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली: ‘संग्रहालयात पिसांचा अज्ञात शिकारी?’ ती कोणी दिली ते कधीच कळले नाही. मात्र सासूबाई त्या आठवड्यात दोनदा शेजारणीच्या पत्रकार भाच्याशी फोनवर बोलल्या होत्या. बातमी आली त्या दुपारी पक्षीशाखेच्या बाई केस नीट करून तळघरात उतरल्या आणि “आमचं बाळ कुठाय?” असे म्हणाल्या. त्यांच्या मागोमाग सरपटशाखेचे प्रमुख छायाचित्रकाराला घेऊन आले. काल ज्यांच्या कपाटात जागा नव्हती त्यांनी आज अख्खे दालन रिकामे करायची तयारी दाखवली. दोघांनी एकमेकांची उणीदुणी काढली, आणि भांडता भांडता बाईंची पर्स दगडावर ठेवली गेली. दगडताईंनी ती उचलून खाली ठेवली, तेव्हा “सांभाळून ना, महागाची आहे,” असे बाई म्हणाल्या. बारा कोटी वर्षांच्या प्राण्याबद्दल असे कोणी म्हणाले नाही.

वाद मिटवायला सात जणांची समिती नेमली गेली. तळघरात धूळ असते म्हणून समितीने प्राणी न पाहताच निर्णय घेतला, आणि तो कमालीचा निःपक्षपाती होता. मानेपासून पुढचा भाग दातांसह सरपटशाखेस द्यावा. मानेपासून मागचा भाग पिसांसह पक्षीशाखेस द्यावा. विळ्यासारखे नख दोन्ही शाखांनी सहा-सहा महिने वापरावे. दगड कापायचे यंत्र शुक्रवारी दुपारी तीन वाजता उपलब्ध आहे.

दगडताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मानेवर तर सगळ्यांत नाजूक पिसे होती, केसाएवढी, एकेक मोकळे करायला त्यांना एकेक दिवस लागला होता. करवत फिरली असती तर त्यांची भुकटी झाली असती. शुक्रवारी सकाळी त्या वेळ न मागताच संचालकांच्या दालनात शिरल्या. एकोणीस वर्षांत त्या तिथे पहिल्यांदाच आल्या होत्या. समोरच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत एक फोटो टांगलेला होता. त्यात एक दगड होता, आणि दगडातून शेपटीचे जेमतेम टोक बाहेर डोकावत होते.

दगडताईंनी तो दगड ओळखला.

“माझा पहिला मासा,” संचालक प्रेमाने म्हणाले. “चाळीस वर्षं झाली. तेव्हा मी साधा सहायक होतो. नुसत्या टोकावरून ओळखला. चौदा पानांचा निबंध लिहिला त्याच्यावर. आज या खुर्चीवर आहे तो त्या माशामुळे. बसा ना.”

“साहेब, आज तीन वाजता तो कापणार आहेत.”

“वाचलं मी. वाईट वाटलं.” त्यांना खरोखरच वाईट वाटलेले दिसत होते. “पण माझ्या हातात काय आहे? दोन शाखांचा वाद असलेला प्राणी कापता येतो, नियम आहे. तोच मासा असता तर कापता आला नसता. मासे ही तिसरी शाखा. वादच उरत नाही.”

“पण तो मासा नाहीये.”

“मग कापतील,” संचालक हळुवारपणे म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. संचालकांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढला. तो आधीच तयार होता. दगड क्रमांक चारशे सतरामधील प्राणी मासाच आहे, आणि साफ करताना माझा गैरसमज झाला होता, असे त्यात दगडताई लिहून देत होत्या.

“हे बघा, मी काही हुकूमशहा नाही,” संचालक म्हणाले. “विज्ञान खुलं असतं. आपण तो प्रदर्शनात ठेवू आणि शेजारी हरकतीची वही ठेवू. एक वर्षभर. येणाऱ्या लोकांपैकी एकाने, फक्त एकाने लिहिलं की हा मासा नाही, तर मी स्वतः फेरतपासणी लावीन. माझा शब्द आहे. फक्त कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक नकोत. आणि तुम्ही कुणाला काही सांगायचं नाही. लोकांना त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्या.”

दगडताईंनी विचार केला. वर्षाला हजारो माणसे येतात, त्यांना डोळे असतात, आणि पिसे तर लांबूनही दिसतात. एक माणूस हवा होता, एकच. त्यांनी सही केली. तशी सही करताना आपल्याला लाज वाटली, हे त्यांनी त्या दिवशी सासूबाईंना सांगितले, आणि सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

नव्या जातीची घोषणा मात्र झाली, तीही थाटात. संचालकांनी नवा निबंध लिहिला, या वेळी एकेचाळीस पानांचा. त्यात भूचर, पिसे असलेल्या शिकारी माशाची ओळख जगाला करून देण्यात आली होती आणि त्याच्या जातीला संचालकांचेच नाव होते. या माशाला कल्ले आढळत नाहीत, कारण जमिनीवर राहत असल्याने त्याला ते लागत नसावेत. खवले दिसत नाहीत, कारण ते पिसांखाली झाकले गेले असावेत. पाय हे पोहण्याचा कंटाळा आल्याचे लक्षण मानावे. निबंध मत्स्यशाखेकडे अभिप्रायासाठी गेला. त्या शाखेच्या प्रमुखाची जागा अकरा वर्षे रिकामी असल्याने कोणताही प्रतिकूल अभिप्राय आला नाही.

पक्षीशाखेच्या बाईंनी आणि सरपटशाखेच्या प्रमुखांनी समारंभात शेजारी शेजारी बसून टाळ्या वाजवल्या. मासा दुसऱ्याला मिळाला नाही, यातच दोघांचेही समाधान झाले होते. बाहेरगावचे एक नामवंत तज्ज्ञ आले. त्यांनी काचेतून पिसे पाहिली, नख पाहिले, दात मोजले, आणि क्षणभर त्यांचा चेहरा पांढरा पडला. दगडताईंनी पेन पुढे केले. मग तज्ज्ञांनी वहीत लिहिले, ‘मत्स्यशास्त्रात मोलाची भर.’ पुढच्या महिन्यात संचालक ज्या पुरस्काराच्या निवड समितीवर होते, तो पुरस्कार या तज्ज्ञांना मिळाला.

दगडताईंची बदली तळघरातून प्रदर्शनाच्या दालनात झाली. काचेच्या पेटीशेजारी एक स्टूल होते, त्यावर बसायचे आणि वहीपाशी पेन ठेवायचे. त्या बसल्या. माणसे येत गेली आणि वही भरत गेली. ‘छान.’ ‘फार छान.’ ‘मासा आवडला.’ ‘पंखे वाढवावेत.’ ‘स्वच्छतागृह सापडायला वेळ लागला.’ ‘आमच्या काळी असे मासे पाहायला मिळत नसत.’ एका शिक्षिकेने वर्गाला पेटीसमोर रांगेत बसवून लिहून घ्यायला लावले, की काही माशांना पिसे असतात. वार्षिक परीक्षेत त्यावर तीन गुणांचा प्रश्न आला. एका मुलीने ‘हा मासा वाटत नाही’ असे उत्तर लिहिले आणि तिला शून्य मिळाले. तिच्या वडिलांनी शाळेत येऊन मुलीच्या वतीने माफी मागितली.

सासूबाई एका रविवारी काठी टेकत आल्या. पेटीसमोर उभ्या राहून त्यांनी प्राण्याला नखशिखान्त न्याहाळले आणि वहीत ठसठशीत अक्षरात लिहिले, ‘हा मासा नाही. ज्याला पिसे ओळखता येत नाहीत त्याने उशीवर झोपू नये.’ दुसऱ्या दिवशी त्यावर लाल रेघ आली आणि समासात ‘नातेवाईक, अग्राह्य’ असा शेरा पडला. मग पाहतोसाहेब स्वतः दालनात आले. आल्यासरशी दोन मिनिटे पेटीकडे टक लावून उभे राहिले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते खरोखर पाहत होते.

“ताई,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “पिसं आहेत हो ही.”

“तुम्ही लिहा ना वहीत.”

“मी कर्मचारी आहे,” पाहतोसाहेब म्हणाले. त्यांना त्याचे इतके हायसे वाटले, की ते जाता जाता गुणगुणत होते.

वर्षाचा शेवटचा दिवस आला. दालन पाच वाजता बंद व्हायचे होते आणि वहीत अकरा हजार चारशे पाच अभिप्राय होते, ग्राह्य हरकत एकही नव्हती. पावणेपाचला एक व्यक्ती आली. घाईत नव्हती. शिकलेली दिसत होती, वाचनाची आवड असणारी. पेटीसमोर थांबली, वाकली, चष्मा पुसून पुन्हा वाकली. पिसांवरून नजर दातांवर गेली, दातांवरून नखावर, आणि परत पिसांवर आली. कपाळावर आठी पडली. दगडताई नकळत स्टूलवरून उठून उभ्या राहिल्या.

“बाई,” त्या व्यक्तीने विचारले, “हा मासाच आहे ना?”

सांगायची बंदी होती. दगडताई कशाबशा म्हणाल्या, “तुम्हाला काय दिसतंय?”

“मला तर पिसं दिसतायत. दात आहेत, पाय आहेत. कुठल्याच बाजूने मासा वाटत नाही.”

“मग तसंच लिहा,” दगडताई म्हणाल्या. “जे दिसतंय ते लिहा फक्त. हे घ्या पेन.”

त्या व्यक्तीने पेन घेतले. वही उघडली. आधीची पाने चाळली, आणि अकरा हजार माणसांचे ‘छान, फार छान’ वाचता वाचता कपाळावरची आठी हळूहळू विरत गेली. मग तिने पाटीकडे पाहिले, पाटीवर संचालकांचे नाव आणि त्यापुढच्या पदव्या होत्या. ती व्यक्ती जराशी ओशाळून हसली.

“इतक्या लोकांना कळत नसेल का? आपल्यालाच काही समजत नाही यातलं.”

आणि तिने लिहिले, ‘उपयुक्त माहिती. व्यवस्था उत्तम.’

पाच वाजता घंटा झाली. वही बंद करून तिच्यावर शिक्का मारण्यात आला, आणि प्राणी कायमचा मासा झाला. दगडताईंनी स्टूल भिंतीला लावले, काचेवरचे बोटांचे ठसे पुसले आणि आतल्या त्या पिसांच्या शिकाऱ्याची मनातल्या मनात माफी मागितली. त्याने आयुष्यभर जिवंत मांस फाडून खाल्ले असेल, पण त्याची शिकार त्याच्याच डोळ्यांसमोर इतक्या सभ्यपणे कोणी केली नसेल.

वही आजही संग्रहालयात आहे आणि मागितली तर पाहायला मिळते. शेवटचा अभिप्राय क्रमांक अकरा हजार चारशे सहा आहे. सही नीट वाचता येत नाही. पण अक्षर एकदा तुम्हीच जाऊन पाहा. ते तुमच्या ओळखीचे निघेल.